ताराबाईच्या वाट्याची सडक

दुष्काळाची कामं बंद झाली तशी दिंद्रुडच्या सडकेवर खडी फोडणारी माणसं पांगली. ज्यांना शेत होतं ते शेतात गेले. ताराबाई तेवढी मारुतीच्या पारावर बसून राहिली. मेंढपाळाच्या घरची विधवा. मेंढ्या दुष्काळात गेल्या, आणि खडी फोडताना डाव्या हाताची दोन बोटं ठेचली. तण मुठीत धरता येत नाही, म्हणून खुरपणीला तिला कुणी बोलावीना.

पारावरच्या पिंपळाला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात काही घेत नसे. रोजचं जाणं, त्यामुळे तिची माझी ओळख झाली.

आमचे हे सडकेचे दरोगा, म्हणजे कामावर देखरेख करणारे होते. फसली तेराशे तीसचं ते साल, इंग्रजी एकोणीसशे एकवीस. त्यांच्याकडे वरून हुकूम आला, की दुष्काळी कामावरच्या ज्यांना जमीन नाही, कमावतं माणूस नाही, अशांपैकी काहींना सडकेवर कायमचं ठेवावं. सडकेच्या कडेनं लिंबाची रोपं लावायची, त्यांना पाणी घालायचं, गुराढोरांपासून राखायची. संक्रांतीनंतर माजलगावाहून साहेब पाहणीला येणार होते. ज्याची झाडं जगतील त्याची नोकरी मुस्तकिल, म्हणजे पक्की. ज्याची मरतील त्याला घरी पाठवायचं.

ताराबाईला ओढ्यापासून मारुतीपर्यंतचा तुकडा मिळाला. मुकादम बंकटला ती जागा आपल्या मेव्हण्यासाठी हवी होती. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दरोगासाब, मेंढराची मालकीण झाडं राखणार? मांजराला दुधाचा पहारा दिल्यागत हाय हे!"

माणसं हसली. ताराबाईही हसली. "मेंढरं कुठं ऱ्हायलीत आता, मुकादम? मांजर एकलंच हाय."

श्रावणात रोपं लागली. ताराबाई ओढ्यातून घागर डोक्यावर आणायची आणि एकेका आळ्यात हळू ओतायची, लेकराला न्हाऊ घालावं तशी. दिवाळीपर्यंत रोपं चांगली फुटली. पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मला म्हणाली, "आईसाब, लई बारीक वाटत्यात. सायबाच्या नजरंत भरायला पाह्यजेत."

मग तिनं तिला ठाऊक असलेला उपाय केला. मेंढपाळांचा कळप रात्री शेतात बसवतात, आणि ज्या रानात मेंढ्या बसल्या तिथं पुढच्या साली ज्वारी डोक्याएवढी उंच होते. त्यासाठी शेतकरी मेंढपाळांना धान्य देतात. तिचा दीर गहिनीनाथ याच्याकडे थोडी मेंढरं वाचली होती. त्याच्याकडून तिनं ताज्या लेंड्या आणल्या आणि प्रत्येक आळं काठोकाठ भरून टाकलं.

आठवडा गेला नसेल, पानांच्या कडा करपायला लागल्या. मग पानंच गळायला लागली. ताराबाई आणखी पाणी घाली, आणखी लेंड्या घाली.

बंकट लगेच आमच्या दारात आला. "सांगितलं नव्हतं? मेंढरं घालून चारलीत रोपं!"

यांनी ताराबाईला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज चढला होता. "मेंढरं चारलीस?"

"न्हाई साब. देवाशपथ न्हाई. मीच लेंड्या घातल्या. रानात घालतो तशा."

"कशाला घातल्या? सांगितलं होतं कुणी?"

"कुणी न्हाई." तिनं हात पदराखाली घेतला. "घालू नगं, असंबी कुणी सांगितलं न्हाई."

ती गेल्यावर हे म्हणाले, "हिला काढावंच लागेल. साहेबांना काय तोंड दाखवू?"

मी ताट वाढत होते. हळूच म्हटलं, "मी या घरात आले तेव्हा किती भाकरी करपवल्या, आठवतं का? सासूबाई चुलीपाशी बसून शिकवीत होत्या. माहेरी नाही धाडलं मला."

जेवण झाल्यावर हे पागोटं घालून बाहेर पडले, ते थेट माळ्याच्या छबुबाईकडे. छबुबाईचा भाजीचा मळा गावाला लागूनच होता. तिनं येऊन आळ्यात हात घातला आणि चटकन मागं घेतला. "अगं बया, चूल पेटवलीस की मुळाशी! शेतात लेंडी पांगती, पावसानं मुरती. इथं एका जागी कोंडलीस. काढ सगळी!"

दोघींनी मिळून आळी रिकामी केली, नवी माती घातली, पळसाच्या डहाळ्यांची सावली केली. छबुबाईच्या तोंडाला खळ नव्हता. ताराबाई मुकाट्यानं शिव्या खात होती आणि शिकत होती. कुजलेलं खत कसं ओळखायचं, किती घालायचं, बुंध्यापासून किती लांब.

बरीचशी रोपं बुडातून पुन्हा फुटली. काही वाळली ती वाळलीच.

साहेब आले ते सकाळीच, घोड्यावरून. मी पारावर होते. ताराबाई सडकेच्या कडेला उभी, अंग आक्रसून. साहेबांनी वाळलेल्या काड्यांकडे छडी दाखवली. "ये क्यों सूखे? गलती किसकी?"

ताराबाईनं तोंड उघडलं, पण ती बोलण्याआधीच हे म्हणाले, "मेरी, साहेब. काम दिया, सिखाया नहीं."

बंकट खाली बघायला लागला. साहेब पुढं गेले, फुटलेल्या रोपांची कोवळी पानं बोटांनी उलटून पाहिली, सावलीच्या डहाळ्या पाहिल्या. "अब किसने सिखाया?"

छबुबाई गर्दीतून ओरडली, "म्या! आन् फुकट शिकवलंय, तेबी लिवा!"

साहेबांना हसू आलं. वाळलेल्या जागी नवी रोपं लावायला सांगून त्यांनी ताराबाईची नोकरी मुस्तकिल केली. शिवाय, पुढं सडकेवर नवं माणूस घेतलं, की आधी त्याला छबुबाईच्या मळ्यात शिकायला धाडायचं, आणि छबुबाईला त्याची मजुरी द्यायची, असंही यांना बजावलं.

ताराबाई रडली नाही. साहेबांचा घोडा दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाली, "आईसाब, म्हंजी आता मला कुणी जा म्हणणार न्हाई?"

"काम करशील तोवर नाही."

उन्हं तापायला लागली तसे मेंढपाळ चाऱ्यासाठी गोदाकाठी निघाले. दरसाल निघतात तसे. तिच्या जन्मात असं एक साल गेलं नव्हतं, की कळप निघाला आणि ती मागं राहिली. गहिनीनाथ मेंढरं सडकेच्या पलीकडून, रोपांपासून लांब हाकत होता. बिऱ्हाड लादलेलं घोडं थांबवून त्यानं हाक दिली, "चल की वैनी! एकली कशी ऱ्हाशील हितं?"

ताराबाई घागर घेऊन उभी होती. कळपाकडे तिनं डोळे भरून पाहिलं. मग म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, दाजी. परत याल तवा सावलीला बसा हितं. अजून गुडघ्याएवढी हाय, पण बसा."

आणि ती ओढ्याकडे वळली.