ताठ्याची उडी

आमचा धाकटा न्हावी आहे आणि एक नंबरचा हट्टी. मी थोरली, शाळेची बस चालवते, म्हणजे ओरडणं माझ्या पोटापाण्याचंच काम. पण गेले काही महिने माझं ओरडणंही त्याच्यापुढे चालेना.

झालं असं, की दुकानातला आरसा काढताना फुटला आणि काच त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली. नस तुटली. डॉक्टरांनी ती जोडली, जखम भरली, अंगठा हलायलाही लागला, पण राहिला तो बधिर. जाणीव हळूहळू येऊ शकते, म्हणाले. येईलच, असं काही म्हणाले नाहीत. आता वस्तरा असतो उजव्या हातात, पण कातडी ताणून धरतो तो डावा अंगठा. पुळी असो, व्रण असो, आधी त्यालाच कळतं. "आंधळ्या अंगठ्याने लोकांच्या गळ्याशी खेळू का?" म्हणून याने शटर ओढलं ते ओढलंच. सोमवारी एक मोबाइलवाला दुकान ताब्यात घ्यायला येणार होता.

रविवारी दुपारी मी माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला. नाहीतर तो भिंतीकडे बघत बसला असता आणि मी त्याच्याकडे. भुताटकीचा किल्ला, वटवाघळं, सांगाडे आणि सगळ्यात वरच्या बुरुजात रक्त पिणारा सरदार. त्याला आम्ही दातवाले काका म्हणायचो. आमचा गडी साखळी फिरवत जिने चढायचा, आणि चालायचा इतका ताठ की त्याचं नावच ताठ्या पडलं. रिमोटच्या दिशेच्या बटणावर आईने कधीकाळी लावलेल्या चिकटपट्टीचं काळं लिबलिबीत काहीतरी उरलं होतं. मला घाण बघवत नाही. खरवडून लख्ख केलं.

दुसरा रिमोट लहानपणीच कामातून गेलेला, त्यामुळे एकच रिमोट दोघं मिळून धरायचो. डावी बाजू त्याची, उजवी माझी. ताठ्याला कुठे न्यायचं ते तो बघणार, उडी आणि साखळी माझ्याकडे. या खेळात एकदा उडी मारली की हवेत वळता येत नाही. म्हणून आधी त्याने दिशा धरायची, "घे" म्हणायचं, आणि मगच मी उडी मारायची.

"मला नाही खेळायचं," तो म्हणाला.

"नको खेळूस. नुसता धरून बस."

बसला बापडा, खांद्याला खांदा लावून. पहिल्याच खड्ड्यात ताठ्या गेला.

"मी घे म्हणायच्या आत मारलीस, ताई. अजून तशीच आहेस."

"आणि तू झोपला होतास."

"झोपलो नव्हतो." त्याने आवाज खाली आणला. "बटण दाबलं गेलंय की नाही, ते मला ताठ्याकडे बघून कळतं."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. कीव दाखवली असती तर तो उठून गेला असता. "मग बघून दाब," मी म्हटलं, "ताठ्या काही तक्रार करणार नाही."

मग मात्र जमत गेलं. घे, घे, थांब, घे. घड्याळाचा मनोरा चढलो, सांगाडे झोडपले. दातवाल्या काकांच्या दाराशी तुटका पूल होता. पलीकडून तरंगती फळी यायची वाट बघत त्याने खालचं बटण दाबून ताठ्याला काठावर वाकवून ठेवलं.

"थांब," तो म्हणाला. "थांब... ताई, आईची पट्टी कुठंय? कोपरा टोचतोय."

एकदा हरल्यावर त्याने रिमोट फरशीवर आपटला होता, तेव्हा बटणाचा कोपरा तुटून टोकदार झाला. तो अंगठ्यात रुतायचा, म्हणून आईने वर पट्टी लावली होती. आज मी तीच खरवडून टाकली होती.

"कुठे टोचतोय?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? अंगठ..."

डोळे मिटून त्याने अंगठा पुन्हा त्या कोपऱ्यावर टेकवला. दाबला. पुन्हा दाबला. तेवढ्यात एका वटवाघळाने ताठ्याला खाली ढकललं. पडू दे मेल्याला.

मग त्याने तो अंगठा, डोळे न उघडता, माझ्या हनुवटीवरून फिरवला. "पुसट कळतंय. पण इथे काहीतरी खरखरीत आहे."

"चामखीळ आहे ती, गाढवा. जन्मभर चिडवलंस की तिच्यावरून."

तो इतका हसला की खोकला लागला. हसता हसताच त्याने मोबाइलवाल्याला फोन लावला आणि दुकान द्यायचं नाही म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं.

"बटण टोचतंय मला," हा म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या माणसाला काय कळलं, देव जाणे. मी रिमोट मांडीवर घेतला आणि पोटभर रडून घेतलं.