सतरा तारखेची चौथी नोंद

ते पत्र अकरा वर्षं शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं. त्या अकरा वर्षांत तारीखकाकांनी दुसऱ्या खंडातला एकही शब्द पाहिला नव्हता. अडलंच तर ते बायकोला विचारत.

तारीखकाका हे नाव त्यांना वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलं होतं. रोज पाचव्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, त्यांची एक चौकट येई. त्या तारखेला संगीताच्या इतिहासात काय घडलं, त्याच्या चार नोंदी. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली संगीतिका पहिल्यांदा रंगमंचावर आली. त्यांची सगळी कार्डं घरी बुटांच्या बारा खोक्यांत होती, महिन्याला एक खोकं.

चौकटीत बरोबर चार नोंदी मावत. तीन दिल्या तर खाली पांढरी पट्टी राही आणि वरून शेरा येई. नोव्हेंबरच्या सतरा तारखेला काकांकडे तीनच होत्या, अठराला मात्र सात. त्या सातांत एक व्हायोलिनवादक होता, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. काकांनी त्याला अठराच्या रांगेतून उचललं आणि सतराला मारलं. कार्डावरच्या १८ वर रेघ ओढली, शेजारी सुबक अक्षरात १७ लिहिलं. पुढचं ‘पहाटे निधन’ तसंच राहू दिलं. एका दिवसानं कुणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

काय बिघडलं ते वादकाच्या मुलीनं पुढच्याच वर्षी कळवलं.

‘माझे वडील अठराला पहाटे गेले. सतराच्या संध्याकाळी ते उशीला टेकून बसले आणि स्वतः बांधलेली शेवटची धून त्यांनी मला शिकवली. ती मी वाजवते तेव्हा लोक तुमचं कात्रण पुढे करतात. पहाटे मेलेला माणूस संध्याकाळी शिकवणी घेतो का, म्हणून हसतात. कृपा करून एक ओळ छापा.’

काकांनी उत्तराचे नऊ मसुदे केले. एकात स्वल्पविराम खटकला, एकात ‘क्षमस्व’ फार कोरडं वाटलं, एकात आपण स्वतःबद्दलच फार बोलतोय असं वाटलं. तोवर वर्ष उलटलं आणि ‘आता इतक्या उशिरा काय लिहायचं’ हे कारण हाती आलं. ते कारण दर वर्षी अधिकच पक्कं होत गेलं.

आणि यंदा आमंत्रण आलं. जाड कागद, सोनेरी कडा. संगीत सभागृहात सतरा नोव्हेंबरला वादकाचा पंचविसावा स्मृतिदिन. दारात दगड बसणार, त्यावर तारीख कोरलेली. ‘हा दिवस ज्यांनी उजेडात आणला’ ते काका प्रमुख पाहुणे. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कन्येने वाजवू इच्छिलेली तथाकथित शेवटची धून, अस्सलतेबद्दल शंका असल्याने, वगळली आहे.’

काकांनी चहाचा घोट घेतला. वर धरलेली गार साय ओठाला चिकटली आणि तोंड वाकडं करून त्यांनी कप खाली ठेवला.

“अहो, काय झालं? तोंड असं का केलंत?” बायकोनं विचारलं.

काकांनी दुसरा खंड काढून पत्र तिच्या हातात दिलं, आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तिचा चष्मा हळूहळू नाकावर घसरत होता.

“म्हणजे जिता माणूस एक दिवस आधी मारलात? चौकट भरायला?”

“जागा रिकामी राहत होती गं.”

“मग माझं नाव टाकायचं! गेले असते मी एका दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी उठून स्वयंपाकाला लागले असते.” तिनं आमंत्रण दोन बोटांनी उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. “शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. आणि तुम्हाला तर वर हार घालून पंगतीला बसवतायत.”

काका कचेरीत गेले. संपादकबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. सोनेरी कडांचं तेच आमंत्रण त्यांच्याही टेबलावर होतं. दुरुस्तीची एक ओळ छापा, असं काकांनी खाली बघत सांगितलं.

“काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. दगड कोरून झालाय. आणि खरं सांगा, एका दिवसानं कुणाचं काय बिघडतंय?”

आपलीच कवळी दुसऱ्याच्या पेल्यात तरंगताना दिसावी, तसं काकांना झालं.

“बरं, उद्याच्या चौकटीत तीनच नोंदी आहेत,” बाई म्हणाल्या. “चौथी ओढा की कुठूनतरी.”

“नाही,” काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्या खोलीत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. “पट्टी पांढरी जाऊ दे. मी आता ओढत नाही.”

घरी येऊन त्यांनी नोव्हेंबरचं खोकं उघडलं. कोंदट वास आला. कार्ड सापडलं. १७ हा आकडा किती नेटका काढला होता! त्या सुबकपणाचीच त्यांना शिसारी आली.

त्यांनी मसुदा केला नाही.

‘ताई, तुमचे वडील अठरालाच गेले. सतरा ही तारीख माझी. चुकून नव्हे, जागा भरायला मी ती जाणूनबुजून घातली. मूळ कार्ड सोबत आहे. खोडाखोड माझी, अक्षरही माझं. जो कात्रण दाखवील त्याला हे दाखवा. या पत्राची प्रत सभागृहाला धाडतो आहे आणि तिथे पाहुणा म्हणून जाणार नाही. तुम्हाला त्या संध्याकाळी मिळालेली धून खरी आहे. खोटा होतो तो मी.’

“वाचून दाखवा,” बायको म्हणाली.

“नको. वाचलं की दुरुस्त करीन.”

तिनं त्यांची छत्री कोपऱ्यातून काढून दिली, पाऊस नसताना. हाताला आधार म्हणून.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. काकांनी आधी सभागृहाचं पाकीट टाकलं. दुसरं अर्धं आत सरकवलं आणि बोटं थांबली. पेटीच्या तोंडाशी कुणाचं तरी वाळलेलं च्युइंगम चिकटलं होतं, ते त्यांच्या अंगठ्याला लागलं. किळस आली. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही, पाकीट सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.