कोंबडीनं घेतलेलं दुखणं

केनवडच्या बाजारात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. मंडपात मधोमध खाटेवर माझे सासरे भगवंतराव उघड्या छातीनं झोपलेले, आणि पाखरूबाबानं त्यांच्या छातीवर एक पांढरी कोंबडी उताणी धरलेली. कोंबडी फडफडत होती, कोकलत होती. बाबा पुटपुटला, त्यानं हळूच हात काढला, आणि कोंबडी एकदम निपचित! पाय वर, डोळे उघडे, पिसाचीही हालचाल नाही.

"अव माय! गेली का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. "एक मिनट, एक ब्लॉकेज! दो मिनट, दुसरा ब्लॉकेज! बघा भाऊ, बघा माय, मशीन कागदावर नुसत्या रेघा काढते, आपली कोंबडी दुखणंच काढते! ना चीर, ना टाका, पाखरू घेते धोका!" त्यानं कोंबडीच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. कोंबडी दचकून उठली आणि चालायला लागली. मंडपात असा जयजयकार झाला की बाहेर बांधलेली गुरं बिथरली.

कागदावर रेघा काढणारी ती बाई मीच. सुचिता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी ईसीजी काढते. पंधरा दिवसांपूर्वी वांग्याच्या वाफ्यात पाणी देताना मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, छातीत कळ आली, तेव्हा त्यांच्या छातीला तारा मीच लावल्या होत्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, हृदयाला रक्त कमी पडतंय, अकोल्याला नेऊन नळ्या तपासून घ्या, उशीर करू नका. आणि आम्ही त्यांना नेलं कुठं? कोंबडीखाली!

बाबाचे नियम कडक होते. कोंबडी त्याच्याकडचीच घ्यायची, मंतरलेली. ती रुग्णाच्या खोलीत ठेवायची. उंबऱ्यावर तो हळदीची रेघ ओढणार, तीन दिवस घरातल्या कोणी ती ओलांडायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. दवाखान्याची गोळी बंद. गोळी घेतली की दुखणं अर्ध्या वाटेतून माणसात परत येतं म्हणे. तीन दिवसांच्या आत कोंबडी मरते आणि माणूस मोकळा होतो.

"सगळ्यायचीच कोंबडी मरते?" मी विचारलं होतं.

"अकरा घरं झाले," सासूबाई कस्तुराबाई म्हणाल्या. "अकराच्या अकरा मेल्या. आता बोल!"

कोंबड्या खरंच मेल्या होत्या.

आमचं घर माळकऱ्यांचं. तीन पिढ्यांत घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. त्या घरात टोपल्याखाली कोंबडी आली आणि सासूबाईंनी नाकाला पदर लावून तिला ज्वारी टाकली. नवऱ्यासाठी बाई काय काय सोसते! मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. माझ्या नवऱ्याला, हरीओमला, मी पुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे, आईचं मन मोडू नको." झालं! दवाखान्यात रजा कळवली आणि मीही रेघेच्या आत कोंडले गेले.

पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, "आत्याबाई, मी गाडी बोलावते. मामाजींना नेऊ."

त्या दारात उभ्या राहिल्या. "तू रेघ ओलांडली अन् यायले काही झालं, त मी तुलेच इचारीन. जन्मभर इचारीन."

इकडे आड, तिकडे विहीर. नेलं आणि वाटेत काही झालं तर मी मारलं. नाही नेलं आणि घरात झालं तर मी बघत बसले. रोज पंधरा-वीस अनोळखी माणसांच्या छातीचं मी ऐकते, आणि माझ्याच घरात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. त्या दोन खोल्यांत माझा जीव गुदमरत होता. खिडकीतून रस्ता दिसायचा, रस्त्यावरून रिसोडची एसटी जायची, आणि मी गजाला धरून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी कोंबडी मान खाली घालून बसली. पिसं फुगली, तुरा निळाकाळा पडला, विष्ठा हिरवी झाली. सासूबाईंचा चेहरा खुलला. "पाह्य! घेऊन राह्यली की नाई?"

मामाजी मात्र तिच्याजवळ बसून होते. "माह्यासाठी मरून राह्यली बिचारी," ते म्हणाले. "मी आयुष्यात मुंगी मारली नाई सुचिता, अन् हा जीव माह्यापायी चालला."

"मामाजी, तुमच्या छातीत कसं आहे?"

"बरं वाटते." पण त्यांचा हात जबड्यावरून खाली खांद्यापर्यंत फिरत होता आणि कपाळ ओलं होतं. मी गोळी पुढं केली. त्यांनी मान फिरवली. मला रडू आलं, आणि मी चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

तेव्हा मला सुकेशनी आठवली. माझी शाळेतली मैत्रीण, आता गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. वर्षभर ती पक्ष्यांच्या विषाणूंचा अभ्यास करत होती. तळ्यांवर, कोंबड्यांच्या शेडांवर फिरून नमुने गोळा करायची. मी तिला फोनवर मंडपातला सगळा प्रकार सांगितला, तुऱ्याचा रंग सांगितला, विष्ठेचा सांगितला.

"सुचिता, त्या कोंबडीला हात लावू नको. तोंडाला फडकं बांध, मामाजींना दुसऱ्या खोलीत घे. अशाच एका घरातल्या मेलेल्या कोंबडीचा नमुना मी आधीच तपासणीला पाठवलाय. उद्या येते."

मी मामाजींना हात धरून दुसऱ्या खोलीत नेलं. सासूबाई बडबडल्या, पण रेघ मोडली नव्हती म्हणून त्यांनी अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी मेली. सासूबाईंनी दारातूनच गावाला हाक दिली. लोक जमले, आणि पाठोपाठ पाखरूबाबाही आला, पुढच्या घरासाठी हातात कोंबड्यांचा खुराडा घेऊन. त्याच वेळी सुकेशनीची गाडी थांबली. हातात मोजे, तोंडाला मास्क.

"सगळे दहा पावलं मागं व्हा," ती म्हणाली. "लेकरांना घरी पाठवा." मग बाबाकडे वळली. "बाबा, ही कोंबडी दुखणं कशी ओळखते?"

"ती सिद्ध आहे मॅडम. हृदयावर ठेवली की तिले कळते."

"असं?" तिनं त्याच्याच खुराड्यातली एक कोंबडी काढली. आमच्या ओट्यावर कांद्याचं पोतं होतं. कोंबडीला तिनं पोत्यावर उताणं धरलं, छातीवर दोन बोटं हलकेच दाबली, थोडं थांबली आणि हात काढला. कोंबडी निपचित! पाय वर, डोळे उघडे.

"एक मिनिट," सुकेशनी घड्याळाकडे बघत म्हणाली. "म्हणजे या कांद्याला एक ब्लॉकेज."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा रस्ता हसायला लागला. तिनं टाळी वाजवली. कोंबडी उठून उभी राहिली.

"कोंबडीला उताणं धरून दाबलं की भीतीनं ती मेल्यासारखी पडते. मुंगूस-मांजरापासून वाचायला निसर्गानं दिलेली ही सवय आहे. माझ्या आईनं आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. आमच्या घरी शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. या बाबानं आजवर कोंबड्या पाळणाऱ्या एकाही घरात पाऊल ठेवलं का? शोधून शोधून माळकऱ्यांची घरं धरली!"

"मंग मरते कशी?" सासूबाई ओरडल्या. "अकरा मेल्या, आज बारावी मेली. थे काय सोंग हाये?"

"सोंग नाही, मावशी. हा ज्या शेडातून कोंबड्या आणतो, तिथं रोग शिरलाय. मालकानं ते लपवलं, आणि लागण झालेल्या कोंबड्या हा माणूस फुकटात उचलून आणतो. सकाळीच अहवाल आला, बर्ड फ्लू आहे. ही कोंबडी देवळात ठेवली असती तरी मेलीच असती. तुमच्या माणसाचा आजार तिनं घेतला नाही. तिचा आजार मात्र तुमच्या माणसाला होऊ शकला असता. आणि अकरा कोंबड्या मेल्या हे सगळ्यांनी मोजलं. अकरा माणसांपैकी बरं कोण झालं, ते कुणी मोजलं का?"

बाबानं खुराडा तिथंच टाकून काढता पाय घेतला, पण चार जणांनी त्याला बखोटीला धरलं.

"यायले त बरं वाटून राह्यलं!" सासूबाईंचा आवाज आता चिरका झाला होता. "इचारा त्यायले! सांगा ना हो!"

मामाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चेहरा राखेसारखा.

"पहाटेपासून लय दुखून राह्यलं," ते म्हणाले. "मी सांगतलं नाई. तो जीव माह्यासाठी मेला. माहं दुखणं गेलंच नाई म्हटलं असतं, त तिचं मरण वाया गेलं असतं."

सासूबाई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी हळद खरडून काढली. "सुचिता, गाडी बलाव वं. लवकर बलाव!"

आमच्याच दवाखान्यात त्यांच्या छातीला तारा मीच लावल्या. कागदावरची रेघ वर चढली होती. झटका येऊन गेला होता. पुढं अकोल्याला नळी मोकळी केली, पण तोवर हृदयाचा एक भाग मेला होता. आम्हा तिघांच्या घशाचे नमुने घेतले, दहा दिवस रोज ताप मोजला. नशीब, लागण कुणालाच नव्हती. शेडातल्या कोंबड्या सरकारनं मारून पुरल्या, आणि बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

मामाजी वाचले, पण वाफ्यापर्यंत चालतात आणि दम लागून बसतात. पूर्वीसारखी पाण्याची बारी आता त्यांना धरता येत नाही. गोळ्या सुरू असत्या आणि एकच दिवस आधी आणलं असतं तर, एवढं नुकसान झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाबा खोटारडा होताच. पण माझ्या सासऱ्यांचं हृदय त्याच्या एकट्याच्या थापेनं गेलं नाही. सासूबाई भीतीनं दार अडवून उभ्या, नवरा आईचं मन राखून गप्प, मी दोषाच्या भीतीनं गप्प, आणि तो भला माणूस कोंबडीची लाज धरून गप्प. थाप चालते ती अशा गप्प बसण्यावर. म्हणून हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर तो दुसऱ्या कशावर तरी करून बघा, दगडावर, पोत्यावर. आणि छातीत दुखलं तर "बरं वाटते" म्हणू नका. दुखतंय म्हणा, मोठ्यानं म्हणा, आणि दवाखान्यात चला.