सत्ताविसावी ओळ

"ताई, इथे नाव लिहा आणि खाली तुमचा आवडता चार्ट," असं म्हणत त्या मुलीनं माधुरीच्या हातात एक स्टिकर आणि निळं स्केचपेन दिलं.

माधुरी गडबडली. अंधेरीतल्या त्या काचेच्या इमारतीत आपण पाचव्या मजल्यापर्यंत पोचलो, हेच तिला पुष्कळ वाटत होतं. खाली रखवालदारानं दोनदा विचारलं होतं, "कोणाला भेटायचंय?" आणि तिला नीट सांगता आलं नव्हतं. इथे आसपास पंचविशी-तिशीतली तीसेक मुलंमुली होती. सगळ्यांच्या पाठीवर सॅक, सगळ्यांच्या छातीवर स्टिकर. कुणी 'बार' लिहिलं होतं, कुणी 'स्कॅटर'. एकानं 'पाय-चार्ट, पण गुपचूप' असं लिहिलं होतं आणि त्यावर बाकीचे खिदळत होते. का ते माधुरीला कळेना. तिनं आपलं नाव लिहिलं आणि बराच वेळ विचार करून खाली लिहिलं, 'रजिस्टर'.

मुलगी हसली नाही. "रजिस्टर? मस्त! बसा माझ्याशेजारी. मी गंधाली."

माधुरी पेडणेकर बावन्न वर्षांची होती. मुलुंडच्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात ती एकोणीस वर्षं रेकॉर्ड क्लार्क होती. केंद्रात अकरा मशिनं. पेशंट मशीनला लागला की टेक्निशियन चिठ्ठी पाठवायचा आणि माधुरी नोंद करायची: तारीख, पाळी, मशीन नंबर, आधीचं वजन, नंतरचं वजन. तिचं अक्षर सुरेख होतं. पेशंटचा चेहरा पाहिला की तिला त्याचं वजन आठवायचं, नावं नंतर.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण ट्रस्टी चंद्रप्रकाशभाई कुठल्याशा दुसऱ्या केंद्रात जाऊन आले आणि तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर आकडे, रंगीत रेघा हलताना बघून आले. "माधुरीबेन, आपल्याला पण असा डॅशबोर्ड पायजे. देणगीदार आला की त्याला दिसलं पायजे. तुम्ही शिकून घ्या ना. नाहीतर बाहेरचा मुलगा ठेवायला लागेल." ते प्रेमानंच बोलले होते, पण शेवटचं वाक्य माधुरीच्या मनात रुतून बसलं. तिनं महिनाभर मोबाइलवर असे चार्ट बनवायचे व्हिडिओ बघितले. शिकवणारा माणूस इतक्या भरभर बटणं दाबायचा की ती मागेच राहायची. मग त्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं: हेच सॉफ्टवेअर वापरणारी मुंबईची मंडळी अंधेरीला भेटतात, कुणीही या, फुकट. महिन्यातून एक मोठी बैठक आणि बाकीच्या शनिवारी दुपारी सराव.

जानेवारीपासून तिचे शनिवार असे ठरून गेले. साडेबाराला रेकॉर्डच्या खोलीला कुलूप लावायचं, घाटकोपरपर्यंत बस, तिथून मेट्रो. नवरा म्हणाला, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" तिनं डब्यात थालीपीठं जास्त घालून नेली. मुलांनी ती पाच मिनिटांत संपवली आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली.

ती हळू होती, पण तिनं एकदा शिकलेलं सुटत नसे. उभ्या पट्ट्या शून्यापासूनच सुरू करायच्या, नाहीतर बघणाऱ्याची फसवणूक होते. सगळं रंगीत केलं की काहीच दिसत नाही. सगळं करडं ठेवावं आणि जे सांगायचंय तेवढ्यालाच रंग द्यावा. हे तिला इतकं पटलं की घरी पडदे बदलताना तिनं नवऱ्यालाही ते ऐकवलं.

बाकीची मुलं सरावाला कॉफीच्या विक्रीचे, विमानांच्या उशिरांचे तयार आकडे घ्यायची. माधुरीनं स्वतःची तीन वर्षांची रजिस्टरं टाइप करून आणली. गंधालीनं पहिल्यांदा नावं काढायला लावली. "ताई, पेशंटची नावं बाहेर दाखवायची नसतात. नंबर द्या." माधुरीनं नंबर दिले. पण तिच्यापुरतं काय बदललं? सत्तावीस म्हणजे कुंडलिक परब. भांडुपच्या एका गाळ्यात लेथ चालवायचा. डायलिसिसच्या मशीनवर बसला की शेजारच्याला गावच्या दशावताराच्या गोष्टी सांगून हसवायचा.

मार्चमध्ये तिचा चार्ट उभा राहिला. एक पेशंट म्हणजे एक आडवी ओळ, एकदा डायलिसिस झालं की एक ठिपका. डावीकडे जुन्या तारखा, उजवीकडे नव्या. सकाळ-दुपारच्या पेशंटांच्या ओळी करड्या, संध्याकाळच्या पाळीच्या नारिंगी. करड्या ओळी शिवणाच्या टिपेसारख्या एकसारख्या चालल्या होत्या. नारिंगी मात्र दिवाळीपर्यंत तशाच, आणि पुढे उसवलेल्या. दिवाळीनंतर टेक्निशियन सोडून गेला म्हणून संध्याकाळची पाळी बंद झाली होती. त्या चौदा जणांना दुपारच्या वेळा दिल्या होत्या. हे सगळं माधुरीनंच रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, पान उलटून पुढे गेली होती. एका नजरेत दिसलं तेव्हा तिनं ओळी बोटानं मोजल्या. चौदापैकी नऊ ओळी विरळ झाल्या होत्या. त्यातल्या चार तर थांबल्याच होत्या.

मोठ्या बैठकीत तिनं तो पडद्यावर दाखवला. गट चालवणारा शौनक पुढे येऊन बघत राहिला. मागून एका मुलानं विचारलं, "मॅम, उजवीकडे हे जे रिकामं आहे तो मिसिंग डेटा आहे ना? फिल्टर मारा, एकदम क्लीन दिसेल."

"ते काढायचं नाही," माधुरी म्हणाली. "ती माणसं येत नाहीत म्हणून ते रिकामं आहे."

मग टाळ्या झाल्या, खूप झाल्या. शौनक म्हणाला, "ताई, मे महिन्यात पवईला आपलं वार्षिक संमेलन आहे. दहा मिनिटं तुमची." परतताना माधुरी घाटकोपरला उतरून गर्दीत नुसतीच उभी राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि टाळ्या कशासाठी वाजल्या, हे आठवलं की तिला लाज वाटत होती.

सोमवारी तिनं लॅपटॉप चंद्रप्रकाशभाईंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आईचं डायलिसिस याच केंद्रात झालं होतं.

"हे तुम्ही केलं? कमाल केली, माधुरीबेन." मग थांबून म्हणाले, "पण हे टीव्हीवर कसं लावणार? देणगीदार बघून पळून जाईल. वर जाणारी रेघ नाही काय? आपण दोन मशीन वाढवली, टोटल तर वाढलीय ना?"

"टोटल वाढलीय. पण भाई, ही नऊ माणसं..."

"मला माहीत नाय काय? चार महिने टेक्निशियन शोधतोय. आला, बघून गेला. आला, बघून गेला. संध्याकाळी कोणाला थांबायचं नाय. आता मी स्वतः सुई टोचू काय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुम्ही टोटलवाला करा. चांगला करा."

तिनं टोटलवाला केला. निळी रेघ, शून्यापासून सुरू होणारी, वर जाणारी. रिसेप्शनच्या टीव्हीवर ती दिवसभर झळकू लागली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिच्या हातात उरला फोन. जेवणाच्या सुट्टीत ती नऊ जणांना फोन करू लागली. कुणी गावी गेलं होतं, कुणी दुसरीकडे नाव घातलं होतं, दोघांचे फोन लागलेच नाहीत. सत्ताविसाव्या ओळीला आठवड्याला एखादा ठिपका होता, मध्येच तोही नव्हता.

"कुंडलिकराव, दोनदा यायलाच हवं. पाणी चढेल छातीत."

"ठाऊक आहे ना ताई. पण मालक दुपारचं सोडत नाय. एक वार सोडतो तोच उपकार." मागे लेथची घरघर होती. "शनिवारी येतो की मी. अर्धा दिवस सुट्टी असते. येतोच."

माधुरीनं समोरच्या पडद्याकडे बघितलं. शनिवारच्या जागा जवळजवळ सगळ्या रिकाम्या होत्या. "खोटं बोलू नका हो. माझ्यासमोर सगळं दिसतंय. स्वतःच्या जिवाशी खोटं बोलता?"

मग तो म्हणाला, "बरं ताई." आणि फोन ठेवला.

मेच्या पहिल्या आठवड्यात कुंडलिक गेला. घरीच, पहाटे, श्वास लागून. बारा दिवस झाल्यावर त्याची बायको रत्नप्रभा केंद्रावर आली. किती वर्षं उपचार चालू होते याचा दाखला मालकानं मागितला होता. माधुरीनं तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तारखा काढायला चार्ट उघडला तर रत्नप्रभा पडद्याकडे वाकली.

"ह्या काय, बाई?"

"ही तुमच्या यजमानांची ओळ. एक ठिपका म्हणजे एकदा डायलिसिस."

रत्नप्रभानं पडद्याला न टेकवता बोट धरलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश नेलं, पोथी वाचावी तसं. शेवटच्या ठिपक्याशी ते थांबलं. "आनि शनवार खय आसत?"

"कुठले शनिवार?"

"दिवाळीनंतरचे. शनवारी अर्धो दीस सुटी. डबो घेवन थेट हयसरच येयत. कोण पेशंट नाय इलो तर मशीन गावतला म्हणान. सांजेक परत येयत. 'आज नंबर लागलो नाय गो' म्हणत. डबो तसोच." ती माधुरीकडे बघत होती, तक्रार नव्हती तिच्या डोळ्यांत, नुसता प्रश्न होता. "दोन-तीनदा लागलो. बाकी सगळे शनवार बसान इले. ते ह्यात नाय?"

माधुरीनं उगाच माऊस हलवला. शनिवारचे ठिपके होते तीन. रजिस्टरमध्ये नोंद मशीन सुरू झाल्यावर होते. जो आला, बसला आणि परत गेला, त्याच्यासाठी रकानाच नव्हता. एकोणीस वर्षांत तिला तो आखावासा वाटला नव्हता. आणि शनिवारी दुपारी खाली कोण बसतं हे तिला दिसणार कसं? शनिवारी दुपारी ती अंधेरीला होती.

"मी त्यांना खोटं बोलू नका म्हटलं होतं," ती म्हणाली.

रत्नप्रभाला ते नीट कळलं नसावं. किंवा कळलं असेल. "तेनी माका काय सांगूक नाय," एवढंच ती म्हणाली आणि पदर सावरून दाखल्याची वाट बघत बसली. माधुरीनं दाखला लिहिला, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत कागद पंख्याखाली धरला.

संमेलन त्याच शनिवारी होतं. सकाळी गंधालीचा फोन आला. "ताई, दोन वाजताचा स्लॉट तुमचा. तुमचं नाव छापून आलंय, बघितलंत का? मी फाटकावर उभी राहते, टेन्शन घेऊ नका."

"मी येत नाही गं."

"काय? अहो ताई, का? चार्ट झकास आहे. काही चुकलंय का त्यात?"

"चुकलं नाही. अर्धा आहे."

"मग तसं सांगा ना स्टेजवर! लोकांना तेच हवं असतं, काय शिकलात ते."

"असेल," माधुरी म्हणाली. "पण आज नको."

"बरं. काळजी घ्या, ताई," गंधाली म्हणाली.

साडेबाराला माधुरीनं खोलीला कुलूप लावलं, एक कोरी वही घेतली आणि जिना उतरून मागच्या फाटकाकडे गेली. हे फाटक तिच्या जायच्या वाटेवर नव्हतं. तिथे पत्र्याच्या सावलीत एक लांब सिमेंटचा कट्टा होता आणि त्यावर तिघं बसले होते. एकाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली. एक बाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होती, तिचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. पहारेकरी धाकू माधुरीला बघून उठला.

"हे रोज असतात, धाकूमामा?"

"रोज कुणी ना कुणी असतं. शनिवारी जास्त. सहापर्यंत बसतात, मग जातात."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाय, बाई."

ती कट्ट्याजवळ गेली. वही उघडून तिनं पट्टीशिवायच दोन रेघा मारल्या. टोकाला बसलेला चाळिशीचा माणूस तिच्या हातातली वही बघून घाईघाईनं उठला. हातातली पिशवी सावरली, शर्टाची बाही वर केली. सुयांनी फुगलेली शीर दिसली.

"जागा झाली, मॅडम?"

"नाही," माधुरी म्हणाली. "जागा नाही झाली. नुसतं नाव लिहून घेतेय. आलात म्हणून."

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं बाही हळूहळू खाली केली, मनगटाचं बटण लावलं.

"लिहा," तो म्हणाला. "गुणाजी सखाराम तेली." आणि तिचं लिहून होईपर्यंत उभाच राहिला.