पेटीची जागा

"दादा, खड्ड्यातनं जरा हळू घ्या."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. बुद्धरत्नच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं आणि त्याने ते दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

"पेशंट हाय काय?"

"कॉम्प्युटर आहे."

"मग टेम्पो करायचा," असं म्हणून रिक्षावाल्याने पुढचा खड्डा अगदी मधोमध घेतला.

गोधडीत ऑर्बेन कंपनीचा टॉवर होता. लोखंडी, जुना आणि भलता जड. महाडच्या भाजी मार्केटमागच्या गल्लीत बुद्धरत्नच्या घरात एक खोली होती, भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकलेली. तिथे तो गाणी रेकॉर्ड करायचा. भीमगीतं, जाखडीची गाणी, शाळेच्या गॅदरिंगचे नाच, निवडणुकीत रिक्षावरून ओरडायच्या जाहिराती, जे दारात येईल ते. हे सगळं या टॉवरच्या जिवावर चाललं होतं. एकवीसच्या महापुरात पाणी घरात शिरलं, तेव्हा बुद्धरत्नने सगळ्यात आधी तो डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेला. कपाट, गहू आणि लग्नातली भांडी खाली राहिली. त्याची बायको राजश्री अजूनही पाहुण्यांना ओळख करून देते, "हे आमचे मिस्टर, आणि ती टेबलावर बसलीय ना, ती ह्यांची थोरली."

आज या थोरलीची वरात डॉक्टर आमोदच्या दातांच्या दवाखान्याकडे निघाली होती.

'ऑर्बेन मित्रमंडळ, महाड-पोलादपूर' हे नाव ऐकून कोणालाही वाटेल की मंडळ गणपती बसवत असेल. बसवत नव्हतं, पण बाकी सगळं तसंच होतं. अध्यक्ष होता, वर्गणी होती, रुसवेफुगवे तर भरपूर होते. ऑर्बेन कंपनी कॉम्प्युटर, फोन आणि घड्याळं बनवायची आणि ही मंडळी त्या कंपनीच्या प्रेमात होती. कंपनीने कॉम्प्युटरसाठी नवीन अपडेट सोडलं की येणाऱ्या रविवारी सगळ्यांनी आपापली मशीनं घेऊन दवाखान्यात जमायचं, अध्यक्ष आमोदने नारळ फोडायचा आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. चार दिवस थांबून बघू म्हणणाऱ्याला मंडळात काही किंमत नसे. बुद्धरत्न नारळाला हात जोडत नसे, तेवढ्या वेळात तो सगळ्यांच्या वायरी तपासायचा. बटण मात्र मनापासून दाबायचा.

आज दवाखान्यात भिंतीवरच्या टीव्हीवर कंपनीचा अमेरिकेतला कार्यक्रम लावला होता. नवीन फोन आणखी पातळ झाला होता. नवीन घड्याळ माणसाला पाणी प्यायची आठवण करत होतं.

"घ्या," पोलादपूरचा गंगाधर म्हणाला. त्याचा लग्नपत्रिका आणि बॅनर छापायचा धंदा. "घड्याळाला पट्टे नवीन, फोनला रंग नवीन. आणि आपल्याला काय? टॉवर काढून किती वर्षं झाली यांना? ज्यांनी पोटाला चिमटा काढून ह्यांची मशीनं घेतली, त्यांनाच विसरले."

"गंगाधर, जग बदललं," आमोद वडा तोडत म्हणाला. "कंपनीने जगाला हवं ते बनवायचं, की पोलादपूरच्या लग्नपत्रिकांना हवं ते?"

"तुझं काय जातंय? तुला दात उपटायला कॉम्प्युटर लागत नाही."

"मग एक्स-रे काय हवेत दिसतो?"

वाद असा दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी शेवटी दोघेही बुद्धरत्नकडे बघायचे. तू बोल बाबा, तू खरा प्रोफेशनल.

"पुढच्या वर्षी काढतील आपल्यासाठी," बुद्धरत्न म्हणाला. "आतली बातमी आहे."

आतली म्हणजे कुठली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कुठल्याशा परदेशी चाहत्याने काहीतरी लिहिलं होतं आणि ते त्याने फोनवर भाषांतर करून वाचलं होतं. पण त्या पुढच्या वर्षाच्या भरवशावर त्याने एक काम बाजूला ठेवलं होतं, आणि ते त्याला मनातून टोचत असे.

ते काम वरंधच्या सुंदराबाईचं. ती त्याच्या वडिलांची चुलत बहीण, म्हणून त्याची आत्या. वरंधच्या बौद्धवाडीत कोणाच्या घरी पाळणा असो की जयंती असो, गाणं सुंदराबाईचंच. टॉवर नवाकोरा होता तेव्हा बुद्धरत्नने तिला गाद्यांच्या खोलीत आणून तिची गाणी रेकॉर्ड केली होती. तेव्हा त्याच्या अंगात नवीन मशीनचा उत्साह नुसता उसळत होता. त्याने दर दोन ओळींनंतर स्वतः कीबोर्ड वाजवून भरला, खाली ढोलक घातली आणि आत्या विहिरीत उतरून गातेय असं वाटावं इतका आवाज घुमवला. सीडी ऐकून सुंदराबाई एवढंच म्हणाली, "गानी माजी हायत. मदी मदी ती पेटी कोनाची?"

कीबोर्डला ती पेटी म्हणायची. पेटी काढून टाकायचं बुद्धरत्नने तेव्हाच कबूल केलं होतं. मशीनमध्ये तिचा आवाज वेगळा आणि पेटी वेगळी ठेवलेली होती, त्यामुळे काम अशक्य नव्हतं. पण टॉवर अधूनमधून दमायचा, आणि आत्याचं काम म्हणजे ते नीट, नवीन मशीनवर करावं असं त्याला वाटायचं. "नवीन टॉवर येऊ दे आत्या, मग काढतो." अशी वर्षं गेली. गेल्या वर्षी मुंबईत सुंदराबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलायची. नुसता तिचा आवाज, पेटीशिवायचा, जगात फक्त या टॉवरमध्ये आणि घरातल्या एका डिस्कवर होता, आणि टॉवर आता दवाखान्याच्या बाकावर गोधडीतून बाहेर काढून ठेवला होता.

आमोदने नारळ फोडला. सगळ्यांनी बटण दाबलं.

घरी आल्यावर बुद्धरत्नने टॉवर जागेवर ठेवून चालू केला. पडदा निळाशार, गोड दिसत होता. एक गाणं रेकॉर्ड करून बघितलं, झकास झालं. मग त्याने सहज सुंदराबाईची गाणी उघडली. पडद्यावर एक सभ्य सूचना आली की ही फाइल जुन्या पद्धतीची असून आता उघडता येणार नाही.

त्याने मशीन बंद करून चालू केलं. मऊ फडक्याने पुसलं. वेगळ्या डिस्कवर एक प्रत ठेवलेली होती, ती लावली, तर तिच्यावरही तीच सूचना, तितकीच सभ्य. अपडेट काढून मागे जायची वाट कंपनीने बंद केली होती. मग त्याला सुचलं की दुसऱ्या कोणाच्या जुन्या मशीनवर उघडेल, आणि त्याने गंगाधरला फोन लावला. बोलता बोलता दोघांच्याही एकदम लक्षात आलं. महाड-पोलादपुरात जुन्या पद्धतीचं एकही मशीन उरलं नव्हतं. मंडळाची शिस्तच तशी कडक होती.

"कंपनीला शिव्या तरी घाला," राजश्री संध्याकाळी म्हणाली.

"कंपनीने काय केलं? बटण मीच दाबलं."

"मग स्वतःला घाला."

"पण सगळ्यांनीच दाबलं ना."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली आणि ताट वाढलं.

गंगाधरला मात्र भलतंच स्फुरण चढलं. ऑर्बेनच्या जगभरच्या चाहत्यांची एक चर्चेची जागा होती, तिथे त्याने बुद्धरत्नची हकीकत टाकली, टॉवरच्या फोटोसकट. सकाळपर्यंत तिथे रणकंदन माजलं. एकाने लिहिलं, ज्यांच्या कष्टावर कंपनी उभी राहिली त्यांची ही दशा. दुसऱ्याने लिहिलं, इतकं जुनं मशीन वापरणाऱ्याला प्रोफेशनल म्हणायचंच कशाला. तिसऱ्याने विचारलं, महाड कुठे आहे. चौथ्याने घड्याळाच्या बॅटरीचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले. फाइल कशी उघडायची, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

"बुद्धरत्न, तुझं नाव जगात झालं," गंगाधर फोनवर म्हणाला.

दुपारी आमोदचा फोन आला. "मला फार वाईट वाटतंय, खरंच. पण त्या लोकांचा मुद्दा समजून घे. तांत्रिकदृष्ट्या तू प्रोफेशनल आहेस का, हा प्रश्न आहे त्यांचा."

"मग मी कोण आहे?"

"उत्साही वापरकर्ता," तो म्हणाला.

बुद्धरत्नने त्या चर्चेत लिहायला घेतलं. आधी कंपनीच्या बाजूने एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. मग विरोधात लिहिलं, तेही खोडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांशी भांडताना त्याला कंपनीची बाजू तोंडपाठ झाली होती आणि आता स्वतःची बाजू काही केल्या सापडत नव्हती. कोणावर रागवायचं तेच कळेना.

बाजाराच्या दिवशी सुंदराबाई आली. सोबत तिची नात श्रुतिका होती, महाडला नर्सिंग शिकणारी. सुंदराबाईला रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या चाकं लावलेल्या, फिरणाऱ्या खुर्चीची भीती वाटायची, म्हणून ती नेहमीसारखी खाली सतरंजीवर बसली.

"जय भीम, रत्ना." तिचं बोलणं ऐकायला त्याला खाली वाकावं लागलं. "वीस मार्चाच्या क्रांतिदिनाला वाडीतल्या बाया टेम्पो करून तळ्यावर यायच्या हायत. टेम्पोत माजी गानी लावू म्हनतात. पेटी काडलीस ना?"

बुद्धरत्नने काहीतरी खोटं सांगायचं ठरवून ठेवलं होतं. तिच्यासमोर ते आठवेना. "आत्या, तुझा आवाज गेला," तो म्हणाला, आणि काय बोललो ते लक्षात येऊन त्याने जीभ चावली. "म्हणजे मशीनमधला. कंपनीने नवीन पद्धत आणली, त्यात जुनं उघडत नाही."

"कुटली कंपनी? एमआयडीशीतली?"

"नाही गं. अमेरिकेतली."

सुंदराबाईला कंपनी म्हटली की एकच माहीत. तिचा नवरा तिथे कामाला होता आणि ती कंपनी एक दिवस बंद झाली.

"तुजे आतोबा," ती म्हणाली, "कंपनी बंद झाली तरी रोज डबा घेऊन जायाचे. गेटासमोर बसायाचे."

"कशाला?"

"कोनीतरी भाईर येऊन काय ते सांगंल म्हनून."

बुद्धरत्नला रडू येत होतं आणि श्रुतिकासमोर रडायचं नव्हतं. सुंदराबाईने पिशवीतून करवंदांची वाटी काढून त्याच्यापुढे सरकवली, हिरव्या, लोणच्याच्या करवंदांची.

"हिला येतात सगळी," ती श्रुतिकाकडे बोट दाखवून म्हणाली. "हिचा आवाज घे. पेटी नको. ढोलकी नको. काय नको."

त्याने माईक लावला, कानांवर हेडफोन चढवला आणि श्रुतिकाला खूण केली. पोरीचा आवाज चांगला होता, कोवळा आणि सरळ.

*तळ्याचं पाणी बाई, ओंजळीत आलं,*
*ओंजळीत आलं, माझं तोंड मला दिसलं...*

आणि ती थांबली. मान हलवत, पायाच्या अंगठ्याने ठेका धरत थांबून राहिली. पुढची ओळ विसरली असेल म्हणून बुद्धरत्न हात वर करणार, तोच तिने पुढच्या दोन ओळी म्हटल्या आणि ती पुन्हा थांबली.

"काय झालं गं?" त्याने रेकॉर्डिंग बंद करून विचारलं.

"कुठे काय, काका?" श्रुतिका गोंधळली. "इथे पेटी आहे ना. तेवढं सोडायला लागतं."

"पण गाण्यात पेटी नाहीच आहे."

"सीडीत आहे. वाडीतल्या सगळ्या मुली तसंच म्हणतात."

बुद्धरत्नने आत्याकडे बघितलं. त्याला आठवलं, त्या दिवशी ती इथेच बसून गायली होती, एका ओळीतून दुसरी ओळ काढत, मध्ये कुठेही न थांबता. तिच्या ओळी कापून त्यानेच मध्ये जागा केली होती.

"सलग म्हण," तो श्रुतिकाला म्हणाला. "न थांबता."

तिने करून बघितलं. दुसऱ्या ओळीपाशी तिचा दम तुटला आणि ताल गेला. तिने परत केलं, परत तसंच झालं. "सलग कसं होतं पण?" ती वैतागून म्हणाली. "आजी, तू म्हणून दाखव ना."

सुंदराबाईने पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. ओठ हलले. हाताने मांडीवर ठेका धरला. तिने सगळं कडवं म्हटलं, न थांबता, आणि खोलीत फक्त हवेचा आवाज आला.

श्रुतिका खाली बघायला लागली. सुंदराबाईने डोळे उघडले आणि पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "थांबू दे पोरीला. तेवड्यात दम घेता येतो."

मग रेकॉर्डिंग झालं. श्रुतिका दोन ओळी म्हणून थांबायची आणि त्या मोकळ्या जागेत सुंदराबाईचे ओठ हलायचे. बुद्धरत्नच्या हेडफोनमध्ये तिचा घोगरा श्वास अगदी जवळून ऐकू येत होता, ठेक्यात, पेटीच्या जागी नेमका बसणारा.

गाणं संपलं. नवीन अपडेटमध्ये एक नवीन सोय होती. टॉवरने आपणहून विचारलं, मागचा नको असलेला आवाज काढून टाकू का? खाली 'हो' आणि 'नको' अशी दोन बटणं होती.

बुद्धरत्नने 'नको' दाबलं.