दाराआडची नजर

तिसऱ्यांदाही रंग फसला! माणिकप्पानं हातातली चिंधी भुईवर टाकली आणि तो गाडीच्या सावलीत मटकन बसला.

मुरुमचे आडतदार कल्याणप्पा यांची ती परदेशी गाडी. डाव्या दाराला बैलगाडी घासली होती. साधा काळा रंग असता तर माणिकप्पानं कधीच मारून मोकळा केला असता. पण हा निळा, आत बारीक चमकी मिसळलेला. समोरून बघा तर उजळ, बाजूनं बघा तर गडद! नवा रंग समोरून जुळायचा अन् बाजूनं ठिगळासारखा उठून दिसायचा.

"उद्या जमलं न्हाय तर गाडी सोलापूरला न्या म्हणलेत मालक," कल्याणप्पांचा म्हातारा ड्रायव्हर बब्रुवान म्हणाला.

गाडी सोलापूरला गेली की धंदा बसला. माणिकप्पाला रंग दिसत नाही, हे साऱ्या पेठेला कळणार. आणि खरंच दिसत नव्हता हो! वीस वर्षं रंगाची वाफ खाऊन डोळे थकले होते. पाच वर्षं झाली, रंग जुळवायची त्याची बायको नागूबाई. रंगाऱ्याची लेक ती. हा पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून घरात न्यायचा, ती चुलीपुढून सांगायची, वाहवा याची व्हायची. अंगणात गिऱ्हाईक असलं की तिनं उंबरा ओलांडायचा नाही, हा कायदाही यानंच केलेला.

पाय ओढत तो आत गेला. "आता काय टाकू?"

"म्या गाडी बघितलीच न्हाय. तुकड्यावरनं किती अंदाज सांगू? ह्यो रंग उन्हात, चारी बाजूंनी फिरून बघावा लागतोय."

"बाहेर बब्रुवान हाय."

"मग त्येलाच इचारा," नागूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तिनं भाकरी उलटली.

बब्रुवानानं सारं ऐकलं होतं. तो दाराशी आला. "माणिकप्पा, रानात खुरपायला, आडावर पाण्याला बाया जातात, तवा कुणाची अब्रू जात न्हाय. जिच्या डोळ्यांवर तुझं घर चालतंय, तिनं दारातली गाडी बघितली की जाती व्हय?"

खोटं बोलून बोलून माणिकप्पाही दमला होता. तो दारातून बाजूला सरला. "ये बाहेर," एवढंच म्हणाला.

डोक्यावर पदर घेऊन नागूबाई उन्हात आली. गाडीभोवती दोनदा फिरली, वाकून बाजूनं पाहिलं. "चमकी लई झाली. कमी करा. अन् जांभळा थेंबभर टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणप्पा आले, गाडीभोवती हिंडले. "बब्रुवान, लागलं होतं ते दार कंचं?"

"डावं, मालक."

"शाब्बास, माणिकप्पा! काय नजर हाय तुमची!"

माणिकप्पानं दाराआड उभ्या नागूबाईकडं बोट केलं. "नजर माझी न्हाय, मालक. माझे डोळे कवाच गेले. रंग हिनं जुळवलाय, आजवरचे सगळेच!"

कल्याणप्पा थेट नागूबाईकडं वळून म्हणाले, "बाई, मागचा पत्राबी जरा फिका पडलाय. बघता का?"

नागूबाईनं कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती उंबरा ओलांडून आली.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी नजर दाराआड राबत असेल. तिच्या कष्टावर आपण जेवतो अन् तिला चारचौघांत उभं करायला लाजतो. लाजच वाटायची असेल तर या लाजण्याची वाटू द्या!