भिंतीवरची गंगूबाई

"भिंतीपुढची साखळी काढ," सहदेव म्हणाला.

"सहदेवभौ, समजून घ्या न. उद्या उद्घाटन हाय. बाया बसल्या का पालापाचोळा, पान्याचे शिंतोडे. तुमच्याच चित्राची नासाडी."

"अन् उद्घाटन झाल्यावर?"

मनोज हा सुशोभीकरणाच्या ठेकेदाराचा माणूस. त्यानं नजर चुकवली. "इथं बाक लागनार हायेत. बायांले पुलापलीकडं जागा देल्ली कायमची."

सहदेवनं साखळी मुठीत धरली. अकोल्याच्या भाजीबाजाराची ही भिंत तो दीड महिना रंगवत होता. रंग वाळेपर्यंत, आठच दिवस उठायचं आहे, असं मनोजनं सांगितलं होतं आणि सहदेवनं स्वतः ते बायांना पटवून दिलं होतं. त्याच्या शब्दावर त्या टोपल्या उचलून गेल्या होत्या.

सहदेव चांदूर बाजारच्या माळ्याचा मुलगा. अकरा वर्षं त्यानं कतारमधल्या दोहा शहरात हॉटेलांच्या भिंती रंगवल्या. जोडीला रोडेल नावाचा फिलिपिनो होता. शुक्रवारी सुट्टी असली की रोडेल मोबाइलवर आपल्या देशातली भित्तिचित्रं दाखवी. त्यांत कोळी, हमाल, धुणं धुणाऱ्या बाया, शेजाऱ्याचं अख्खं बांबूचं घर खांद्यावर घेऊन निघालेलं गाव. एकाचा दंड दुसऱ्याच्या टोपलीत वळलेला, मध्ये बोटभर जागा रिकामी नाही. हातपाय तर चेहऱ्यांहून मोठे. "राजा के पास कुर्सी है," रोडेल म्हणायचा, "दीवार इनको दो."

सहदेवनं भिंत तशाच माणसांना दिली. याच बाजारात भाजी विकणाऱ्या अकरा बाया, प्रत्येकीला विचारून काढलेल्या. सगळ्यांत पुढं गंगूबाई. तीस वर्षं ती याच भिंतीखाली बसत आली होती. मेथीच्या जुडीभोवतीचे तिचे रुंद हात उतरवायला त्याला चार दिवस लागले. ते पाहून ती म्हणाली होती, "टाचीच्या भेगा बी सोडल्या नाई रे मेल्या," आणि तोंडाला पदर लावून हसली होती.

सहदेव तसाच पुलापलीकडं गेला. नालीच्या कडेला, धुळीत, बाया ओळीनं बसल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

गंगूबाई मेथीवर पाणी शिंपडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आठ दिवसाची गोष्ट हाय, म्हने तू."

"मले खोटं सांगतलं त्याईनं, मावशी."

"तुले त्याईनं सांगतलं. मले तूच सांगतलं."

सहदेव तिच्यासमोर धुळीत उकिडवा बसला.

"माया फोटो पुसून टाक," ती म्हणाली. "मले उठोलं अन् माया फोटोले बसोलं. लोकं तिथं बाकावर बसून मले पायतीन, अन् इथं मायी मेथी सडून राहिली."

असा चेहरा आयुष्यात पुन्हा हातून उतरणार नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. परत येताना त्याला मनोजचा राग आला, साखळीचा आला, न पाहिलेल्या ठेकेदाराचा आला. पण सगळ्यांत जास्त राग स्वतःच्या जिभेचा आला.

त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा फोडला. मनोज धावत आला. "पागल झाले काय तुमी? खाली तुमचं नाव हाय."

"म्हनूनच," सहदेव म्हणाला आणि त्याला बाजूला सारलं. गंगूबाईचे डोळे, नाक, ओठ एका रुंद फटकाऱ्यात गेले.

तो वळला तर साखळीपाशी त्या अकरांतली कौशल्या उभी होती. तिनं भिंतीवरच्या स्वतःकडं थोडा वेळ पाहिलं. "माया बी पूस," म्हणाली.

मग एकेक करत सगळ्या आल्या. दिवस मावळेपर्यंत भिंतीवर हात उरले, पाय उरले, भरलेल्या टोपल्या उरल्या. चेहरा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली. पाहुण्यांनी भिंतीकडं पाठ करून फोटो काढले. चेहऱ्यांचं कुणी विचारलंही नाही. एकजण तर म्हणाला, मॉडर्न आहे, छान आहे.

सहदेव तेव्हा पुलापलीकडं बसला होता. गंगूबाईनं शिंपडायच्या डब्यातलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. पांढरा रंग नखांतून निघेना. तिनं त्याचा पंजा आपल्या मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकानं एकेक बोट घासत राहिली.